पायाचं बोट

बोरा बाजारात, स्टँपच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर
मी एका मेलेल्या लिपीची अक्षरं काढते.
अक्षरामागे साठ रुपये, टीडीएस कापून.
एकूण सहा हजारांच्या वर.
काल दोन हजार एकशे बारावर डोळे दुखले.

खाली अण्णांचं काम चालू:
खरी प्रत. रोख मिळाले. रद्द.
सोसायट्यांचे गोल शिक्के, मध्ये काहीच नाही,
कडेनं नोंदणी क्रमांक गरगरतो.

तंगुत, म्हटलं, तर म्हणाले, आडनाव आहे का?
लोक, अण्णा. वाळवंटाच्या कडेचे.
उंट, मेंढ्या, मीठ, आणि एक राजा,
ज्याला शेजाऱ्याच्या अक्षरांत राज्य लिहवेना.
हुकूम निघाला: आपली वेगळी करा.
हजार वर्षं होत आली.
कुणीतरी दिवा लावून बसलं असेल,
शेजाऱ्याच्याच रेघा उसन्या घेऊन
एकही अक्षर त्याच्यासारखं दिसू न देता.

अण्णा चष्मा कपाळावर सरकवून पडद्याशी वाकले.
एवढ्या रेघा? शाई भरेल.
दोन दिवसांत बुजेल शिक्का.

चिखल दाखवला:
पाण्याच्या अक्षराचा तुकडा, शेजारी अख्खी माती.
हा कळला, म्हणाले.
मग पुढचंच पाहून, हे तू उलटं काढलंयस.
आत्ताचंच ना? डावं उजवीकडे गेलंय.

सेहेचाळीस वर्षं उलटं कोरून
सुलटं वाचणारा माणूस.
मी चिडून यादी उघडली.
एक हाताचं बोट. दुसरं पायाचं.
तेच दोन तुकडे, जागा बदललेले.
अण्णा खोकला लागेपर्यंत हसले.
आपल्यात दोन्ही बोटंच की गं,
ठेच लागली की कळतं कुठलं.

पुढचं त्यांनी हात धुताना ऐकलं.
घोडेस्वार आले, राज्य बुडालं,
तरी नातवांचे नातू लिहीतच राहिले.
पावणेतीनशे वर्षांनी एका मठात दोन दगडी खांब,
वर मंत्र, मुळात संस्कृत,
तंगुत अक्षरांत बसवलेला,
कसाबसा, पाहुण्याला दिलेल्या सदऱ्यासारखा.
त्यानंतरचं काही सापडलेलं नाही.

आणि आता उच्चार कसे कळतात, ठाऊक आहे?
एक जुनी शब्दवही उरली.
तीत प्रत्येक शब्दाशेजारी
त्याचा आवाज लिहून ठेवलाय.
कुठल्या अक्षरांत, विचारा.
शेजाऱ्याच्या.

अण्णा काही बोलले नाहीत.
खणातून त्यांनी पितळी शिक्का काढला,
त्यांच्या आजोबांचा, मोडीतला.
विजेच्या बिलामागे उठवला.
वेलीसारखं काहीतरी वळत गेलं.
काय आहे हे?
कोरून देईन हुबेहूब, म्हणाले.
वाचायला मला कोण शिकवणार होतं.

माझ्या यादीतही काही ठिकाणी
अर्थाचा रकाना मोकळा आहे.
दर तोच.

दुपारी कतरणीतलं रबर घेऊन
त्यांनी पात्यानं एक अक्षर कापलं.
यंत्रावर नाही, हातानं, जीभ दातांत धरून.
पहिला ठसा बुजला.
बघ, सांगितलं होतं.
दुसऱ्यांदा रेघा सुट्या केल्या,
लाकडी मूठ लावली,
आणि मयत व रद्द यांच्या मधल्या खाचेत टांगला.

आज कुरिअरवाला पोरगा पावतीवर सही घेताना
तिकडे बघत राहिला.
काका, हा कसला शिक्का?

मी पोटमाळ्यावर
दोन हजार एकशे चाळीसच्या आडव्या रेघेत.
खालून ऐकू आलं,
अण्णा अगदी दराचं सांगावं तसं म्हणाले,
पायाचं बोट.